कुठलं मालवाहू विमान युद्धात सर्वांत प्रभावी? आधी उतरायची जागा बघा

चिकोडीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: "कॉलेजात सादरीकरण आहे. युद्धावर सर्वांत जास्त परिणाम करणारं सैनिकी मालवाहू विमान कोणतं, ते दाखवायचंय. किती वजन उचलतं, वेग, पल्ला आणि किंमत असा तक्ता केलाय. त्यात सी-१७ ग्लोबमास्टर पहिलं येतं आणि डाकोटा शेवटचं. ही तुलना बरोबर आहे का? आपल्या भागाशी जोडलेलं एखादं उदाहरण देता येईल का?"

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. आकडे ठीक आहेत, मेहनत दिसते. पण विमान किती उचलतं हे तुम्ही मोजलंय, आणि त्यानं युद्धात काय फरक पडला हे विचारलंय. या दोन गोष्टींच्या मध्ये बरंच काही असतं, आणि माझी हवाई दलातली तेवीस वर्षं त्या मधल्या भागातच गेली. बेळगावजवळच्या सांब्र्याला प्रशिक्षण झालं, पुढे बहुतेक काळ एएन-३२ आणि आयएल-७६ या मालवाहू विमानांवर लोडमास्टर म्हणून काम केलं. मी वैमानिक नव्हतो, त्यामुळे उड्डाणातल्या कसबावर बोलणार नाही. माल चढवणं, बांधणं, उतरवणं आणि हवेतून टाकणं, यावर बोलतो.

तुम्ही चिकोडीचे, म्हणजे ऊस बघतच मोठे झाला असाल. आमचंही घर त्याच तालुक्यात, चार एकर उसाचं. हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एका खेपेत वीसेक टन ऊस नेतो, बैलगाडी दोनेक टन. तुमच्या पद्धतीनं तक्ता केला तर ट्रॅक्टर पहिला आणि बैलगाडी शेवटची. पण काळ्या रानात अवकाळी पडला की ट्रॅक्टर फडात घुसत नाही, चाक रुततं. मग फडातून पाणंदीपर्यंत ऊस बैलगाडीच आणते. तिकडे कारखान्याच्या अंगणात शे-दीडशे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. गव्हाण, म्हणजे ऊस गाळपासाठी आत ओढणारा पट्टा, बंद पडली की रांग जागची हलत नाही, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि त्या वीस टनी ट्रॉलीचा शेतकऱ्याला त्या दिवशी काहीच उपयोग नसतो. माझे वडील कधी ट्रॅक्टर केवढा आहे असं विचारत नसत. आज गव्हाण किती तास चालली आणि रांग कुठवर आलीय, एवढंच विचारत. विमानांच्या बाबतीत मला नोकरीत जे कळलं ते नेमकं हेच: पुढच्या टोकाला, लढणाऱ्या माणसाच्या हाताशी, दिवसाला किती टन पोचतात ते मोजा.

हे गणितानं दाखवतो. आकडे समजण्यापुरते मी घेतलेत. डोंगरातली एक धावपट्टी घ्या. वाऱ्यामुळे ती दिवसाला सहाच तास वापरता येते. तिथं साठ टन माल आणणारी मोठी विमानं एका वेळी दोन उभी राहतात. फोर्कलिफ्ट असेल तर एक विमान दीड तासात रिकामं होतं. म्हणजे एका जागेवर चार, दोन जागांवर आठ खेपा, एकूण ४८० टन. आता फोर्कलिफ्ट काढून घ्या. जवानांच्या खांद्यावरून माल उतरवायला तीन तास लागले, की चारच खेपा होतात आणि २४० टन पोचतात. विमान तेच, वैमानिक तेच, तरी माल अर्धा झाला. त्याच जागेत पाच टन आणणारी लहान विमानं चार उभी राहतात असं धरा. एक विमान अर्ध्या तासात मोकळं, सहा तासांत ४८ खेपा, म्हणजे पुन्हा २४० टन. मोठं आणि लहान इथं बरोबरीत आले. मोठ्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याला चार खेपांचे कर्मचारी आणि इंधन पुरतं. ४८ खेपांना किती विमानं, किती माणसं लागतील ते मोजून बघा. लहानाच्या बाजूनं असं की एक विमान गेलं तर पाच टन जातात, साठ नाही, आणि एक बिघडून धावपट्टीवर अडकलं तर ढकलून बाजूला करता येतं.

त्यामुळे "सर्वांत प्रभावी कोणतं" याचं उत्तर परिस्थितीवर ठरतं, आणि ती परिस्थिती कोणती हे मांडल्याशिवाय तुलना करता येत नाही. आकाश कोणाच्या ताब्यात आहे? उतरायची पट्टी केवढी, किती उंचीवर, शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात आहे का? काम चार दिवसांचं की चार महिन्यांचं? आणि दुसरी वाट आहे का? रस्ता, रेल्वे किंवा बंदर चालू असेल तर विमानानं तोच माल आणणं फार महाग पडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा लागल्या, ते तुम्ही पाहिलं असेल. त्या दिवसांत ट्रक किती टनी आहे याला काही अर्थ उरला नव्हता. पलीकडे जाणारी साधी नाव सगळ्यांत मोलाची होती.

उंचीचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तक्त्यातले "किती उचलतं" हे आकडे बहुतेक समुद्रसपाटीचे आहेत. एएन-३२ चं कमाल ओझं ६.७ टन, सी-१३०जे चं साधारण २०, आयएल-७६ चं चाळीसच्या वर, सी-१७ चं ७७ च्या आसपास. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच आहे. तिथली हवा खालच्यापेक्षा साधारण तीन दशांशानं विरळ. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाला हवा कमी मिळते, उड्डाणाला धाव जास्त लागते. दुपारी ऊन वाढलं की हवा आणखी पातळ होते आणि खोऱ्यात वारा सुटतो. म्हणून लेहचं काम सकाळीच उरकायचं. माल घेऊन उतरता येतं, पण परत उडताना ओझं हात राखूनच घ्यावं लागतं. एएन-३२ आपल्याकडे १९८४ पासून आली. तिची इंजिनं पंखांच्या वर बसवलेली दिसतात. आधीच्या एएन-२६ पेक्षा बरीच ताकदवान इंजिनं तिला दिली, ती अशाच गरम आणि उंच जागांसाठी. तुमच्या तक्त्यात ती खालून दुसरी आहे. लडाख आणि अरुणाचलच्या चौक्यांना विचाराल तर क्रम वेगळा लागेल.

चंदीगडला आमचं लोडिंग पहाटे तीनला सुरू व्हायचं. तांदूळ, बटाटा, रॉकेलची पिंपं, अंड्यांचे ट्रे, औषधं, टपालाची पोती. रोलरवरून माल आत सरकवायचा, साखळ्या फरशीतल्या कड्यांत अडकवून ताणायच्या, मग प्रत्येक वस्तूचं वजन आणि विमानाच्या नाकापासूनचं तिचं अंतर मांडून तोल कुठं येतो ते काढायचं. तोल ठरलेल्या पट्ट्याच्या मागे गेला तर उडताना नाक वर उचललं जातं आणि वैमानिकाला ते आवरत नाही. एकदा एका तळावर रात्रभर पाऊस झाला होता. तांदळाची पोती उघड्यावर राहिली होती. कागदावर प्रत्येक पोतं पन्नास किलोचं. मला पोत्याचा तळ हाताला गार लागला, म्हणून पाच पोती काट्यावर घातली. एकही पंचावन्नच्या खाली नव्हतं. शंभर पोत्यांमागे अर्धा टन जास्त, तोही सगळा शेपटीकडे. आम्ही वीस पोती उतरवली, उड्डाण चाळीस मिनिटं उशिरा झालं, आणि वर वारा सुटायच्या आधी एक खेप कमी पडली. कुठल्याही तक्त्यात हे येत नाही, पण युद्धकाळात शेकडो खेपांच्या बाबतीत असंच घडत असतं.

आता इतिहासाकडे येतो. तुमच्या यादीत शेवटी असलेल्या डाकोटापासूनच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या दोन इंजिनांच्या विमानापासून, सुरुवात करतो.

२७ ऑक्टोबर १९४७ ला सकाळी दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनी १ शीख पलटणीचे पहिले जवान श्रीनगरला उतरवले. काश्मीरवर चालून आलेले टोळीवाले तेव्हा बारामुल्ल्यात, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरवर होते. एका डाकोटात पंचवीस-तीस माणसं किंवा पावणेतीन टन माल. विमानं कमी पडली म्हणून खासगी कंपन्यांचीही घेतली. टनांत मोजलं तर तो दिवस किरकोळ आहे. पण ती माणसं दोन दिवसांनी पोचली असती तर उतरायला धावपट्टीच हातात राहिली नसती. इथं टनापेक्षा तासाला किंमत होती. पुढे पुंछला वेढा पडला. गावातल्या सैनिकांनी आणि निर्वासितांनी हातांनी पट्टी तयार केली, एअर कमोडोर मेहरसिंग यांनी स्वतः डाकोटा तिथं उतरवली, आणि नंतर गोळीबार चालू असताना डोंगरी तोफाही विमानानं आल्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये रस्ता मोकळा होईपर्यंत पुंछ टिकलं. २४ मे १९४८ ला मेहरसिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. तिथं धड धावपट्टीही नव्हती, सिंधूकाठची सपाट केलेली वाळू होती. हे सगळं त्याच विमानानं केलं, ज्याला तुम्ही शेवटचा क्रमांक दिलाय.

याच विमानाचं दुसरं मोठं काम ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं, तेव्हा अराकानमध्ये लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा, जीप आणि खेचरांसकट विमानानं उचलून तिकडे नेली गेली. लढाईच्या एका आघाडीवरून उचलून दुसऱ्या आघाडीवर उतरवली. मग वेढा पडला आणि २२ जूनला कोहिमाचा रस्ता उघडेपर्यंत इंफाळ विमानांवर जगलं. परतीच्या खेपांत जखमी आणि लढण्यात नसलेली माणसं बाहेर काढली, म्हणजे आत खाणारी तोंडंही कमी झाली. आमच्या भाषेत परतीची खेप रिकामी जाऊ द्यायची नाही.

याच लढाईतली सांगशाकची गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. इंफाळच्या ईशान्येला असलेल्या या टेकडीवर ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण होती. २२ ते २६ मार्च १९४४, पाण्याचा झरा नाही, आणि हातातली जागा अर्ध्या मैलाच्याही आत. विमानांनी माल टाकला, पण त्यातला बराचसा जपान्यांच्या बाजूला पडला. विमानं भरून निघाली होती, माल खाली पडलाही होता, आणि मराठ्यांच्या हाती त्यातला थोडाच आला. मी अरुणाचलात हवेतून माल टाकण्याच्या कामावर होतो, म्हणून मला हे डोळ्यांसमोर दिसतं. ताशी २५० किलोमीटर वेगानं विमान सेकंदाला जवळजवळ ७० मीटर पुढे जातं. हिरवा दिवा लागला, रॅम्पवरचं एखादं पोतं रोलरवर तिरकं झालं आणि दोन सेकंद गेली, की पुढचा माल दीडशे मीटर लांब पडतो. एकदा नदीकाठच्या चौकीवर टाकताना खोऱ्यातून आडवा वारा आला आणि शेवटच्या तीन छत्र्या पलीकडच्या काठाला गेल्या. जवानांना त्या आणायला दोर बांधून अर्धा दिवस लागला. शांततेच्या काळात अर्धा दिवस. सांगशाकला पलीकडे जपानी होते.

उलट बाजूचं उदाहरण स्टालिनग्राडचं आहे, आणि ते तुमच्या सादरीकरणात असायलाच हवं. १९४२ च्या सुरुवातीला रशियातल्या देम्यान्स्कला साधारण एक लाख जर्मन सैनिक वेढ्यात अडकले होते. त्यांना जर्मन हवाई दलानं काही महिने विमानांनी जगवलं. त्या यशावरून नोव्हेंबरमध्ये स्टालिनग्राडला तेच करू असं ठरलं. पण तिथं माणसं अडीच लाखांच्या आसपास होती, रोज किमान ३०० टन हवे होते, आणि पोचले सरासरी शंभरेक टन. विमानं तीच, जंकर्स-५२ आणि सोबत बॉम्बफेकी हाइन्केल. पण हिवाळा होता, रशियन लढाऊ विमानं आणि विमानवेधी तोफा दाटलेल्या होत्या, आणि २४ डिसेंबरला ततसिन्स्कायाचा तळच रशियन रणगाड्यांनी गाठला. आतल्या धावपट्ट्या एकेक करून गेल्या. ५०० च्या जवळ विमानं गमावली आणि सैन्य वाचलं नाही. म्हणजे तेच विमान एका जागी सैन्य वाचवतं आणि वर्षभरात दुसऱ्या जागी सैन्यासोबत बुडतं. फक्त विमानाचे आकडे मांडलेल्या तक्त्यात हा फरक दिसणारच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्या भागाचा. २ पॅरा (मराठा) ही मूळची तिसरी मराठा पलटण. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी ५० वी पॅराशूट ब्रिगेड बेळगावात जमली, त्यात ती होती. हवाई छत्रीनं उतरायचं शिक्षण घेतलेली ही पलटण गोव्यात गेली ती जमिनीवरून. पोर्तुगीजांनी पूल उडवले होते तरी ती चालत, ओढे-नद्या ओलांडत फोंड्यापर्यंत गेली. अंतर कमी, समोरचा प्रतिकार तुटपुंजा. तिथं विमानातून उडी मारायची गरजच नव्हती. ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर सगतसिंग.

दहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९७१ ला दुपार कलताना तीच पलटण पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ आकाशातून उतरली. डाकोटा, पॅकेट, एएन-१२ आणि दोन कॅरिबू अशी एकूण पन्नासच्या घरातली विमानं. जमेल ते सगळं एकत्र केलेलं, एकाही प्रकारची विमानं पुरेशी नव्हती. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ९३ ब्रिगेड पुंगलीच्या पुलावर अडवायची, एवढंच काम. पूल त्याच संध्याकाळी हातात आला आणि मागाहून येणाऱ्या तुकड्या तिथं अडकल्या. जेमतेम एका पलटणीचं हे उतरणं परदेशी बातम्यांत पाच हजार छत्रीधारी म्हणून गेलं, आणि ढाक्यात बसलेल्यांच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला तो कुठल्याही टनात मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी जमालपूरची लढाई करून जमिनीवरून पुलाशी येऊन मिळाली ती १ मराठा, आपली जंगी पलटण. आकाशातून आलेले मराठे आणि रस्त्यानं आलेले मराठे एकाच पुलावर भेटले. १६ डिसेंबरला ढाका पडलं. सादरीकरणात बेळगावचं उदाहरण हवं असेल तर यापेक्षा चांगलं मी देऊ शकणार नाही.

त्याच युद्धात सगतसिंग आता कोअरचे प्रमुख होते. मेघना नदीवरचा पूल शत्रूनं उडवला, तेव्हा त्यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांच्या खेपा करून माणसं नदीपलीकडे नेली. एका खेपेत जेमतेम डझनभर जवान. गोव्यात ज्यांनी ब्रिगेड जमिनीवरून नेली, त्यांनीच इथं हेलिकॉप्टरांची नाव केली. नदी बदलली की वाहनही बदललं.

मोठी विमानं कमी महत्त्वाची असं माझं म्हणणं नाही. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात अमेरिकेनं महिनाभरात २२ हजार टनांहून अधिक माल इस्रायलला उडवून नेला. महाकाय सी-५ च्या खेपा होत्या दीडशेच्या आत, त्याहून लहान सी-१४१ च्या चारशेच्या वर, तरी जवळपास निम्मा माल त्या थोड्या सी-५ नी आणला. पण त्यांना उतरायला तेल अवीवजवळच्या लोड गावचा मोठा विमानतळ होता, आकाश सुरक्षित होतं, माल उतरवायला यंत्रं आणि माणसं तयार होती. वाटेत थांबायला मात्र अझोर्स बेटांवरचा एकच तळ मिळाला, कारण बाकी देशांनी नकार दिला. तो पोर्तुगालनं दिला नसता तर सी-१४१ एवढ्या लांब भरून पोचूच शकली नसती. या अनुभवानंतर त्यांना हवेत इंधन घ्यायची सोय केली गेली.

मोठ्या विमानाला पर्याय नसतो ते एका बाबतीत: जी वस्तू तोडून नेता येत नाही तिच्यासाठी. ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ हलके रणगाडे लडाखमधल्या चुशूलला उतरवले. चौदा हजार फुटांच्या वरची पट्टी, लोखंडी जाळीच्या पत्र्यांची. रणगाडे मूठभरच होते. पण शंभर डाकोटांनीही त्यातला एक तिथं नेता आला नसता. २०२० मध्ये गलवाननंतर लडाखला ६८ हजार जवान, ९० च्या आसपास रणगाडे आणि तीनशेहून अधिक चिलखती वाहनं विमानांनी गेल्याचं नंतर प्रसिद्ध झालं. तिथं सी-१७ आणि आयएल-७६ नसते तर ते रणगाडे झोजीला किंवा रोहतांगवरून चढवत बसावं लागलं असतं, आणि तेही पावसाळ्यात. लेहची पट्टी लांब आहे, आकाश आपलं होतं, माल उतरवणारे तयार होते. मोठ्या विमानाला जे जे हवं ते सगळं तिथं होतं.

आणि ते नसलं की काय होतं, त्याचं ताजं उदाहरण २४ फेब्रुवारी २०२२ चं, कीव्हजवळच्या होस्तोमेलचं. रशियन छत्रीधारी हेलिकॉप्टरांनी विमानतळावर उतरले. मागून आयएल-७६ भरून सैन्य येणार होतं. युक्रेनी तोफांनी आणि तुकड्यांनी पट्टी वापरण्याजोगी ठेवली नाही, आणि ती विमानं उतरलीच नाहीत. पुढे गेलेले बिनपाठबळाचे राहिले.

तुम्ही एकच नाव मागाल, तर मी डाकोटा म्हणेन. दहा हजारांच्या वर बनली, गवतावर, वाळूवर, घाईनं केलेल्या पट्टीवर उतरली, साध्या हत्यारांनी दुरुस्त झाली, आणि अनेक लढायांत तीच होती म्हणून माणसं वेळेत पोचली. तिच्यानंतर सी-१३०. ती कच्च्या पट्टीवरही उतरते, एएन-३२ च्या तिप्पट माल आणते, आणि २० ऑगस्ट २०१३ ला तिनं सोळा हजार फुटांवरच्या दौलत बेग ओल्डीला चाकं टेकली. आज आपल्या उत्तर सीमेवर एकदम मोठं सैन्य हलवायचं असेल तर सी-१७. आडवळणाच्या चौकीला रोजचं जेवण पोचवायचं असेल तर एएन-३२, आणि आता तिच्या जोडीला आलेली सी-२९५. हा क्रम माझा आहे. लढाऊ विमानांतला माणूस किंवा पायदळातला सुभेदार वेगळा लावेल, आणि त्याची कारणंही ऐकण्यासारखी असतील.

तक्ता टाकून देऊ नका, त्यात रकाने वाढवा. प्रत्येक लढाईसमोर लिहा: उतरायची जागा कशी होती, आकाश कोणाचं होतं, रोजची गरज किती टन आणि पोचले किती, काम किती दिवस चाललं, आणि दुसरी वाट होती का. किंमतीचा रकाना काढला तरी चालेल. १९४३ मधला डॉलर आणि आजचा रुपया एकाच ओळीत मांडून काही कळत नाही. डाकोटा, सी-१३० आणि सी-१७ एकाच लढाईत समोरासमोर कधी तोलल्या गेल्याच नाहीत, म्हणून विमानाला गुण देण्याऐवजी लढाईला उपयोग कशाचा झाला ते लिहा.

आणि वाचनावर थांबू नका. १९७१ ला गेलेले जुने सैनिक चिकोडी, निपाणी, खानापूर भागात अजून आहेत, नव्वदीकडे झुकलेले काही, ऐंशीच्या आतबाहेरचे बाकीचे. त्यांना विमान कुठलं होतं असं विचारलंत तर बरेच जण सांगू शकणार नाहीत. आदल्या रात्री शिधा किती उरला होता, दुसऱ्या दिवशी दारूगोळा कुठून आला आणि तो पुढच्या खंदकापर्यंत कोणी वाहून नेला, हे विचारा. वही घेऊन जा. तासभर तरी बसावं लागेल.